पीळ काढलेली नळी

धसईची बाजारपेठ मागे टाकून पळू-सोनावळ्याच्या रस्त्याला लागलं की समोर दुर्ग आणि ढाकोबाचे कडे उभे राहतात. कड्यांच्या पोटाशी जंगल, जंगलाला लागून वरकस जमीन आणि त्याखाली भाताची खाचरं. दाणा भरायला लागला की रानडुकरं खाली उतरतात. माळ्यावर बसून डबे वाजवायचे, शेकोटी पेटती ठेवायची, आरोळ्या द्यायच्या, ही राखणीची जुनी तऱ्हा. ज्याच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना असेल त्याच्या घरी ठासणीची नाहीतर एकनळी बंदूक. शहापूर-मुरबाडकडच्या गावांत बंदूक ही अशी शेतीच्या अवजारांच्या रांगेतली वस्तू. खंडेनवमीला कोयता-कुऱ्हाडीबरोबर तिलाही हळदकुंकू लागतं. निवडणूक जाहीर झाली की ती पोलिस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर घरी परत येते.

या लेखाचा विषय मात्र तिची दूरची भाऊबंद आहे: तरफेची जुनी रायफल. दस्त्याच्या मानेखाली लोखंडाची कडी किंवा दांडी असते, ती खाली ओढली की बंदुकीचं पोट उघडतं, वर दाबली की मिटतं. चित्रपटातल्या अमेरिकी घोडेस्वाराच्या हातात सगळ्यांनी ती पाहिलेली असते. आपल्याकडच्या घरात ती निघाली, तर बहुधा तिचं कूळ वेगळं असतं आणि तिच्यावर कुणीतरी आधीच हात चालवलेला असतो. नळी कापलेली, दस्ता बदललेला, आतले पीळ घासून काढलेले. अशी बंदूक हाती आली की विचारलं जातं ते एवढंच, की ही चालते का आणि हिचे किती मिळतील. ही मूळची काय होती, तिच्यात कुणी, कधी आणि कशासाठी बदल केला, हे सहसा कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण आपल्या देशात बंदुका बदलण्याचं काम गावातल्या लोहारापेक्षा कितीतरी जास्त सरकारने केलं आहे, आणि तेही हेतू ठेवून.

आधी कूळ ओळखायचं. नळीखाली तिच्याच लांबीची दुसरी बारीक नळी असेल, उजव्या बगलेला काडतूस आत सारण्याची झडप असेल, तर ती विंचेस्टर किंवा तिच्या घराण्यातली. खालच्या नळीत काडतुसं एकामागे एक बसतात आणि तरफेच्या प्रत्येक हेलकाव्याला पुढचं काडतूस वर येतं. १८६६, १८७३, १८९२, १८९४ ही या कारखान्याच्या गाजलेल्या नमुन्यांची वर्षं. शेवटचे दोन जॉन मोझेस ब्राउनिंगच्या डोक्यातून आलेले. १८९५ चा नमुनाही त्याचाच, पण त्यात खालची नळी नाही, पोटात पेटी आहे. टोकदार गोळ्यांची काडतुसं एकामागे एक ठेवली तर मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीवर टेकतं आणि धक्क्याने बार उडण्याचा धोका असतो, म्हणून पेटी. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेला तेव्हा त्याच्याकडे याच नमुन्याची .४०५ मापाची रायफल होती. पहिल्या महायुद्धात रशियाने तिची जवळपास तीन लाखांची मागणी नोंदवली होती.

खाली नळी नाही, झडप नाही, पेटी नाही, एका वेळी एकच काडतूस जातं आणि घोडा बाहेर कुठेच दिसत नाही, तर ती मार्टिनी. हिंदुस्थानात तरफेची जुनी रायफल म्हटली की बहुतेक वेळा हीच. हिची रचना तीन देशांत मिळून झाली. ठोकळा मागच्या खिळीभोवती फिरून पुढून खाली झुकतो, ही मूळ कल्पना बोस्टनच्या हेन्री पीबॉडीची, १८६२ ची. स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्डच्या फ्रीड्रिख फॉन मार्टिनीने बाहेरचा घोडा काढून टाकला आणि ठोकळ्याच्या पोटातच स्प्रिंगवरची सुई बसवली. नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची, सात पिळांची. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये ती स्वीकारली. काळ्या दारूचे ८५ ग्रेन आणि ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. खांद्याला असा हिसका बसतो की जुन्या शिपायांच्या आठवणीत तो हमखास येतो.

मार्टिनीची तरफ पाहून तिचं वय सांगता येतं. सुरुवातीची काडतुसं पितळी पत्र्याच्या गुंडाळीची होती. नळी तापली, काळ्या दारूची काजळी साचली की ती आत चिकटायची, आणि ओढताना बूड फाटून बाकीचं कवच नळीत अडकायचं. आडव्या रणात शत्रू धावून येत असताना शिपाई तरफेशी झटत राहायचा. उपाय दोन झाले. काडतूस एकसंध पितळेचं केलं आणि तरफ लांब केली, म्हणजे जोर जास्त लागावा. म्हणून आखूड तरफ दिसली तर पहिले तीन नमुने, लांब दिसली तर चौथा. चौथ्याची गोष्ट आणखी मजेची आहे. १८८०च्या दशकात .४०२ मापाची नवी मार्टिनी करायला घेतली, हजारोंनी तयारही झाली, पण तोवर लष्कराचा विचार त्याहून लहान मापाच्या, पेटीच्या रायफलीकडे वळला. तयार झालेल्या बंदुका पुन्हा .४५० मापाच्या करून घेतल्या आणि त्यांना चौथा नमुना म्हटलं. त्यातल्या पुष्कळ हिंदुस्थानकडे आल्या आणि बऱ्याच नेपाळच्या शस्त्रागारात गेल्या. म्हणजे कारखान्यातून कोरी बाहेर पडलेली चौथ्या नमुन्याची मार्टिनी हीदेखील बहुधा बदललेलीच बंदूक.

आता बंदुकीच्या पोलादी पोटाची उजवी बगल पाहायची. मुकुट, त्याखाली व्हिक्टोरियाची आद्याक्षरं, मग कारखाना: एन्फील्ड, किंवा बर्मिंगहॅम आणि लंडनच्या खासगी कंपन्यांची अक्षरं; मग वर्ष आणि रोमन आकड्यात नमुना. १८८८ मध्ये पेटीची ली-मेटफर्ड आल्यावर शिलकी मार्टिनींना .३०३ मापाच्या नव्या नळ्या बसवल्या. तेव्हा कारखान्याने जुनी अक्षरं पुसली नाहीत. उजव्या बगलेला जुना जन्म तसाच राहिला आणि डाव्या बगलेला नवं माप, नवं वर्ष, नवं नाव उमटवलं. बदल करणाऱ्याने केलेल्या बदलाखाली सही करावी, याचा इतका स्वच्छ नमुना दुसऱ्या कुठल्या यंत्रात मला दिसलेला नाही.

वायव्य सरहद्दीवर दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी मार्टिनीच्या हुबेहूब नकला केल्या. इंग्रजी न येणाऱ्या हाताने अक्षरं पाहून कोरलेली, त्यामुळे एन्फील्डमधला ‘एन’ उलटा पडतो, मुकुट वाकडा येतो, राणीची आद्याक्षरं १९०१ नंतरच्या सालाबरोबर नांदतात. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. अशा नकलांचं पोलाद कोणत्या प्रतीचं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून त्या भिंतीवरच बऱ्या. मराठी घरांना चकवणारी दुसरी खूण आहे देवनागरीची. मार्टिनीवर देवनागरी अक्षरं आणि आकडे दिसले की ती एखाद्या मराठी संस्थानाची असावी असं वाटतं. बहुतेक वेळा ती खूण नेपाळी सैन्याची असते. नेपाळात जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाची, बाहेरून मार्टिनीसारखीच पण आतून वेगळी रायफलही बनत होती. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला हा जुना साठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा या सगळ्या खुणांचा नीट अभ्यास सुरू झाला.

इथवर ओळख सोपी. खरी कसोटी नळीच्या आत.

रायफल म्हणजे पीळ असलेली नळी. या वळणदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि दूरवर नेम धरून जाते. पीळ नसलेली गुळगुळीत नळी जवळच्या छऱ्यांना ठीक, पण एकेरी गोळी शंभर यार्डांपलीकडे भरवशाने लागत नाही. उजेडाकडे धरून नळीत पाहिलं आणि पीळ दिसले नाहीत, पण वर नेमाची शिडी मात्र हजार यार्डांच्या पुढचे आकडे दाखवते आहे, तर समजावं की या बंदुकीची दृष्टी शाबूत ठेवून हात कापलेले आहेत.

ही रीत सुरू झाली १८५७ नंतर. उठावाचं निमित्त झालेली १८५३ ची एन्फील्ड ही पिळांची रायफल होती. उठाव मोडल्यावर सरकारने ठरवलं की हिंदी पलटणींच्या हातात पिळांची नळी द्यायची नाही. १८५८ च्या नमुन्यात त्याच एन्फील्डच्या नळ्या आतून खरवडून गुळगुळीत केल्या आणि शिडी काढून साधा ठोकळा बसवला. दिसायला बंदूक तीच, फक्त लांबचं मारणं संपलं. पण खरवडल्यामुळे नळीची भिंत इतकी पातळ झाली की ती दबायची, वाकायची. म्हणून पुढच्याच वर्षी जाड भिंतीची गुळगुळीत नळी करावी लागली. अविश्वासाची किंमत लोखंडात मोजावी लागली ती अशी.

त्यानंतर दिसतो तो एक पिढी मागे ठेवण्याचा नियम. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर, म्हणजे जुन्या एन्फील्डची मागची बाजू कापून तिथे बिजागरीचा ठोकळा बसवलेली बंदूक. २७ जुलै १८८० ला मैवंदला ६६व्या गोऱ्या पलटणीच्या हातात मार्टिनी होत्या आणि शेजारी उभ्या असलेल्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सच्या हातात स्नायडर. एकाच रणात, एकाच शत्रूसमोर. मुंबई सैन्यातल्या ज्या शिपायांनी त्या दिवशी जीव दिला त्यांच्याविषयी बोलताना हा तपशील गाळू नये, असं मला मनापासून वाटतं. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी खाली उतरल्या. १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या २१ शिखांनी शेवटपर्यंत चालवल्या त्या मार्टिनीच.

सैन्याच्या खाली पोलिस. पहिल्या महायुद्धानंतर बंगालच्या ईशापूर कारखान्यात ली-एन्फील्डच्या .३०३ रायफली .४१० मापाच्या गुळगुळीत मस्केट केल्या गेल्या, पोलिस आणि तुरुंगरक्षकांसाठी. पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. काडतूसही खास: .३०३ चंच कवच, पण मान न आवळलेलं. बाजारातलं .४१० चं छऱ्याचं काडतूस त्या मूळ घरात बसत नाही. बंदूक पळवली तरी तिला दाणापाणी मिळू नये. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने मार्टिनीच्याच रचनेवर इजिप्तच्या पोलिसांसाठी बंदूक केली, तिचं काडतूसही असंच बाहेर कुठे न मिळणारं. त्याच ग्रीनरची बारा बोअरची, मार्टिनी रचनेची एकनळी मात्र शेतकऱ्या-शिकाऱ्यांसाठी होती. जुन्या परवानाधारकांच्या घरी तरफेची बंदूक निघाली आणि तिच्यावर शिडी नाही, राणीचा मुकुट नाही, ग्रीनरचं नाव आहे, तर ती बदललेली रायफल नव्हेच. ती जन्मतःच छऱ्याची. तिच्यात ‘हरवलेले’ पीळ शोधत बसू नये.

धसईच्या आसपास हे सगळं नुसतं पुस्तकी राहत नाही. याच मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ ला पहाटे तिथल्या जंगलात पोलिस अधिकारी हॉलच्या तुकडीने माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याला गाठलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच हुतात्मे झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे करवतीने कापणारी ही माणसं. करवत सहज मिळत होती, बंदूक मिळत नव्हती, कारण १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरवलेलं होतं. तो कायदा झाल्यानंतर पुढच्याच वर्षी, १८७९ च्या मे महिन्यात, वासुदेव बळवंतांच्या साथीदारांनी पळस्पे आणि चिखलीवर छापा घातला. ती गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. गुळगुळीत केलेली नळी, एक पिढी जुनी बंदूक, बाजारात न मिळणारं काडतूस आणि परवान्याचा कायदा हे चारही एकाच धोरणाचे भाग आहेत. म्हणून पीळ काढलेली एखादी नळी हाती आली तर तिला ‘खराब झालेली’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती कागदपत्राइतकाच भक्कम पुरावा आहे.

आता दुरुस्ती. इथे कायदा आधी वाचावा लागतो, कारण तो अनपेक्षितपणे नेमका आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जुनाट धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देतं, पण ते दुरुस्त करून किंवा दुरुस्तीशिवायही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसेल तरच. ‘चालत नाही’ एवढं पुरत नाही. सुई मोडली आहे, स्प्रिंग ढिली आहे, पण बदलली तर बार निघेल, अशी मार्टिनी कायद्याच्या लेखी बंदूकच. तिला परवाना लागतो. म्हणून माळ्यावरची रायफल आधी कुणा हौशी कारागिराकडे नेऊन ‘चालू’ करून घेणं ही सगळ्यात मोठी चूक. कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करणं, तपासणं, तिच्यात फेरबदल करणं या कामालाही परवाना लागतो. कलम ६ परवान्याशिवाय नळी आखूड करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका राहू शकतात, वारशाने आलेल्या धरून. .३०३ ही सैन्याच्या मापाची म्हणून साध्या परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे नवी नळी बसवलेली मार्टिनी आणि मूळ .४५० ची मार्टिनी यांत कायद्याच्या दृष्टीनेही अंतर पडतं. ओळख चुकली की माणूस अडचणीत येतो.

कलम ८ मला विशेष महत्त्वाचं वाटतं. बंदुकीवरचं नाव, आकडा, ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं किंवा खोटी उमटवणं गुन्हा आहे. हे काम आपल्याकडे चोरट्यांपेक्षा चिंचेने जास्त झालं आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पितळी भाग चिंच-मिठाने आणि लोखंड राखेने, नाहीतर पॉलिश कागदाने घासायचं, ही घराघरातली प्रामाणिक सेवा. दरवर्षी थोडं थोडं. दोन पिढ्यांत मुकुट झिजतो, साल पुसट होतं, क्रमांकातला तीन आठ वाटायला लागतो. आणि त्यात मीठ म्हणजे लोखंडाचा वैरी.

अनुभवी दुरुस्तीवाला मार्टिनी हातात घेतो तेव्हा आधी तरफ उघडून आत काडतूस नाही हे डोळ्याने आणि बोटाने पाहतो. जुन्या बंदुका भरलेल्या सापडतात. ठासणीच्या तर हमखास, कारण नळीतली दारू आणि गोळी बाहेरून दिसत नाही. मग तो बंदूक पुसत नाही, पाहतो. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या आहेत का, म्हणजे चुकीच्या पेचकसाने कुणीतरी आधी उघडलं आहे. लोखंड आणि लाकूड जिथे भेटतात तिथे दोन्ही एका पातळीत आहेत का. लाकूड खाली गेलेलं असेल तर दस्ता घासून ‘नवा’ केलेला. निळ्या झिलईखाली गंजाचे खड्डे दिसले तर झिलई नंतरची. नळीचं तोंड आणि नेमाची माशी यांतलं अंतर कमी असेल, किंवा माशीच नसून डाग दिलेला मणी असेल, तर नळी कापलेली. ‘डी’ आणि ‘पी’ ही अक्षरं दिसली तर ती कवायतीची बंदूक. कारखान्याने तिला बार काढायला अयोग्य ठरवलं आहे आणि ती तशीच राहू द्यावी.

यानंतरची खरी दुरुस्ती थोडीच असते. ठाण्याच्या पावसात लोखंडावर चढतो तो सुटा गंज, लाल आणि भुकटीसारखा. तो तेलाच्या फडक्याने हळूहळू निघतो. त्याखालचा तपकिरी, घट्ट थर म्हणजे दीडशे वर्षांची कातडी. ती खरवडायची नाही. लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल पुरतं, वार्निश नको. दस्त्यावरचे शिक्के आणि पलटणीचे क्रमांक लाकडाबरोबर घासले जातात, म्हणून पॉलिश कागद लाकडालाही लावायचा नाही. गुळगुळीत केलेल्या नळीत पुन्हा पीळ घालून तिला ‘मूळ रूपात’ आणण्याची हौस मी अजिबात मान्य करत नाही. त्याने एक बनावट मार्टिनी तयार होते आणि एक खरी हिंदी मस्केट संपते. कापलेल्या दस्त्याला लाकूड जोडणंही तसंच. आजोबांनी आपल्या आखूड हाताला बसावा म्हणून दस्ता कापला असेल, तर तो काप त्या घराचा आहे. मोडलेली स्प्रिंग बदलायचीच असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून, आणि जुनी स्प्रिंग डबीत जपून ठेवून.

विंचेस्टर असेल तर एक सोय जास्त आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या शस्त्रसंग्रहालयात कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. बऱ्याच नमुन्यांचा क्रमांक कळवला तर मूळ नळी किती लांब होती, गोल होती की अष्टकोनी, कधी बाहेर पडली हे तिथून पत्राने कळतं. मग कापलेली नळी आणि कागदावरची नळी समोरासमोर ठेवता येते. मार्टिनीला अशी प्रत्येक बंदुकीची वही नाही; तिथे अंगावरच्या खुणा हाच दप्तरखाना. तुलनेसाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा इथले शस्त्रविभाग मराठी वाचकाच्या आवाक्यातले आहेत.

धसईसारख्या ठिकाणी हा प्रश्न येतो तो वारसाच्या वेळी. परवाना ज्याच्या नावावर होता तो जातो, बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि मुलगा किंवा सून ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. अर्जात बंदुकीचा प्रकार, माप, क्रमांक, बनावट लिहायची असते. जुन्या परवान्यात ‘एकनळी’ एवढंच असेल आणि प्रत्यक्षात नळीवर .४५० मापाच्या रायफलीच्या खुणा असतील, तर दोन्ही नोंदी जुळत नाहीत. म्हणून जमा करण्याआधी उजव्या आणि डाव्या बगलेची, नळीच्या तोंडाची, शिडीची आणि दस्त्यावरच्या शिक्क्यांची छायाचित्रं तिरप्या उजेडात काढून ठेवावीत आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून नळीचं आतलं माप लिहून घ्यावं. ‘मूळ मार्टिनी-हेन्री, साल अमुक, नळी नंतर गुळगुळीत केलेली, दस्ता कापलेला’ असं पूर्ण वर्णन अर्जासोबत द्यावं. पोचपावतीवरही ते तसंच उतरलं आहे का, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं.